फिट्स फाइल ४० वरून १६ एमबीवर आली, पण आधी रडवलं

मंडळी, आकाशाच्या फोटोंनी डिस्क भरत आली हे मागे सांगितलंच होतं. मोनो (काळा-पांढरा) कॅमेरा, २० मेगापिक्सेल, फिट्समध्ये (खगोल फोटोंचा फाइल प्रकार) एक फ्रेम ४० एमबीची, रात्रीच्या १२० फ्रेम म्हणजे पाचेक जीबी, आणि पावसाळा उलटल्यापासून इंदूरच्या राजेंद्र नगरच्या गच्चीवरची एक रात्र सोडलेली नाही.

अख्खी फाइल जीझिप करून (झिपसारखी दाबून) बघितली, पण मग फोकस तपासायला मधला एक तुकडा उघडायचा तरी सुरुवातीपासून सगळं उलगडावं लागतं. म्हणून फिट्सचं टाइल कॉम्प्रेशन घेतलं. त्यात प्रत्येक ओळ वेगळी दाबली जाते, हेडर (फ्रेमच्या माहितीचा भाग) तसंच वाचता येतं, २०१६ च्या ४.० स्टँडर्डमध्ये हे अधिकृत आहे, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. माझ्या स्क्रिप्टला मात्र चांगलाच लागला. दाबलेली इमेज टेबलच्या रूपात पुढच्या एचडीयूत (फिट्स फाइलचा एक कप्पा) जाते, पहिली रिकामी राहते, आणि मी सगळीकडे शून्य नंबरची एचडीयू वाचत होतो, त्यामुळे डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम) वजा करायला गेलो तर डेटाच नाही. एक तास गेला, बदल एका आकड्याचा.

एफपॅक या फिट्स दाबणाऱ्या प्रोग्रॅमने राइस नावाची पद्धत लावून फाइल २६ एमबी झाली. एवढंच? मग डोक्यात आलं, कॅमेरा १२ बिटचा आहे आणि ड्रायव्हर प्रत्येक आकडा १६ ने गुणून १६ बिटमध्ये भरतो. खालचे चार बिट कायम शून्य, पण राइस शेजारच्या पिक्सेलमधला फरक घेऊन त्याचे खालचे बिट जसेच्या तसे लिहून ठेवतो, म्हणजे ती शून्यंही इमानदारीत साठवत होता बिचारा! आधी १६ ने भागलं, हेडरमध्ये बीस्केल १६ (वाचताना १६ ने गुण, अशी सूचना) टाकलं, वाचताना खरे आकडे आपोआप परत. फाइल १६ एमबी.

खूश होऊन जुन्या फोल्डरवर चालवलं आणि मूळ फायलींशी तुलनेत फरक निघाला. त्या २ बाय २ बिन करून (चार पिक्सेलचा एक करून) सरासरी काढलेल्या फ्रेम होत्या, आकडे १६ च्या नाही, ४ च्या पटीत, म्हणजे भागाकारात दोन बिट गेले असते. मूळ फायली उडवल्या नव्हत्या म्हणून वाचलो. आता स्क्रिप्ट आधी सगळ्या पिक्सेलचा ऑर काढते (एकाही पिक्सेलमध्ये बिट १ असेल तर उत्तरातही तो १), खालचे चार बिट शून्य नसतील तर हात लावत नाही, आणि दाबल्यावर परत उघडून पिक्सेल न् पिक्सेल जुळवते. अजून एक, बीस्केल दिसलं की पायथनमधलं खगोलाचं पॅकेज अ‍ॅस्ट्रोपाय आकडे फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) बदलतं, मेमरी दुप्पट लागते, माझा ८ जीबीचा लॅपटॉप १२० फ्रेम एकदम उघडताना जो बसला तो उठलाच नाही. आता दहा-दहाच्या गठ्ठ्यांत उघडतो.

सगळ्यात मजा इंदूरबाहेरच्या जानापाव डोंगरावरच्या फ्रेम दाबताना आली. तेवढंच एक्स्पोजर, तोच गेन, पण फाइल १४ एमबी. दाबली न जाणारी गोष्ट म्हणजे नॉइज, आणि आकाश जितकं उजळ तितका तो जास्त, म्हणजे इंदूरच्या दिव्यांचे फ्रेममागे दोन एमबी मी डिस्कवर सांभाळतोय 😄

स्टॅक केलेल्या (अनेक फ्रेम एकत्र करून बनवलेल्या) फ्लोट मास्टरना हात लावलेला नाही, तिथे एफपॅक स्वतःहून आकडे गोल करतो.