'आम्हाला' पीआर मिळाला

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे म्हणजे एक तर दहावीचा निकाल, नाहीतर व्हिसा. मुलीचं फेब्रुवारीत लग्न झालं, जावई टोकियोत आयटीत आहे, आणि आता तिचाही व्हिसा आला. "स्पाउस व्हिसा मिळाला गं, जन्माची काळजी मिटली," असं म्हणत काकूंनी आईच्या हातात पेढा ठेवला. आईने तो सावकाश खाल्ला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला विचारा. हिची काळजी मिटायला बारा वर्षं लागली."

आईने विषय काढलाच आहे, तर लिहूनच टाकते. काकूंना जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही.

मी २०११ साली लग्न करून टोकियोला गेले ती डिपेंडंट व्हिसावर. आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच स्पाउस व्हिसा म्हणतात, पण जपानमध्ये ही दोन वेगळी खाती आहेत. नवरा नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोला डिपेंडंट मिळतो. नवरा जपानी असेल किंवा त्याच्याकडे पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी असेल, तरच खरा स्पाउस. काकूंच्या मुलीचा डिपेंडंट आहे हे मी त्या दिवशी बोलले नाही, तोंडात पेढा होता. डिपेंडंटला काम करायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही आठवड्याला २८ तासांपुरती. मुंबईत पाच वर्षं शाळेत गणित शिकवून गेलेली बाई मी, आणि टोकियोतल्या आमच्या निशि-कासाईत माझं मुख्य संशोधन म्हणजे कोथिंबीर कुठल्या दुकानात स्वस्त.

२०१८ मध्ये नवऱ्याला पीआर मिळाला. साधारण नियम असा, की १० वर्षं जपानमध्ये राहिलेलं हवं आणि त्यातली ५ नोकरीच्या व्हिसावर. आम्ही श्रीखंड केलं, मुंबईला फोन लावले, "आम्हाला पीआर मिळाला" म्हणून सांगितलं. त्यातलं 'आम्हाला' साफ खोटं होतं. मिळाला होता त्याला. माझ्या रहिवासी कार्डावर डिपेंडंटच्या जागी 'पीआरधारकाची पत्नी' आलं, मुदत ३ वर्षं. २८ तासांची अट गेली, मी घरीच भारतीय मुलांच्या गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या, चार पैसे हातात यायला लागले. आणि मी सुस्तावले.

पीआरधारकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला १० वर्षं थांबावं लागत नाही. लग्नाला ३ वर्षं आणि जपानमध्ये सलग १ वर्ष राहणं पुरतं. म्हणजे त्याच्या अर्जाबरोबर माझाही देता आला असता. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. खरं म्हणजे आम्ही विचारलंच नाही.

जाग आली ती २०१९च्या एप्रिलमध्ये. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण, गणपतीत मोदकांच्या कळ्या सगळ्यात सुबक तिच्याच. तिचा नवरा ऑफिसातच गेला, हार्ट अटॅकने. पीआर त्याचा होता आणि ती त्याच्या नावावर स्पाउस व्हिसावर होती, माझ्यासारखीच. दीर आले, तिकडेच दहन झालं, अस्थी घेऊन सगळे डोंबिवलीला आले. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी तिला टोकियोहून फोन केला. सांत्वनाला नव्हे. जपानच्या इमिग्रेशनला १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं, की ज्या नात्यावर व्हिसा होता ते नातं आता नाही. तो फॉर्म मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्यात कारणासमोर दोन चौकटी असतात: घटस्फोट, मृत्यू. एकीवर खूण करायची. बाहेरच्या खोलीत भटजींना द्यायच्या यादीवरून बोलणं चाललेलं मला फोनवर ऐकू येत होतं, आणि ती आतून मला हळू आवाजात विचारत होती, "दुसऱ्या चौकटीत ना गं?"

ते 'ना गं' माझ्या कानातून अजून जात नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. स्पाउस व्हिसावर असताना नवरा-बायको म्हणून राहणं कारणाशिवाय ६ महिने थांबलं, तर तो व्हिसा रद्द होऊ शकतो. तिच्याकडे कारण होतं, पण त्या व्हिसावर राहायला नातं उरलं नव्हतं. तिने दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केला. मुलगा तिसरीत, शाळा टोकियोतली, आणि पुढे तिथे राहायला मिळणार की नाही ते अधिकाऱ्याच्या हातात. मिळाला शेवटी, १ वर्षाचा. दरम्यानच्या चार महिन्यांत तिचं वजन किती उतरलं ते मी पाहिलंय.

तिचा स्वतःचा पीआर असता, तर तो फॉर्म तिला भरावाच लागला नसता. पीआरवाल्यांना लग्न टिकलं की मोडलं, जोडीदार आहे की गेला, हे इमिग्रेशनला कळवावं लागत नाही. त्यांचं राहणं कुणाच्या नात्यावर टांगलेलं नसतं. गृहकर्ज सोपं होतं, कुठलीही नोकरी करता येते, हे फायदे लोक पहिल्यांदा सांगतात. खरेच आहेत ते, मोठ्या बँका बहुतेक वेळा पीआर बघूनच कर्जाचं बोलतात. पण माझ्या लेखी ते नंतरचे. घटस्फोटाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की कार्डाची मुदत संपायच्या आधी भांडण नको म्हणून गप्प बसणाऱ्या बायका मला निशि-कासाईत भेटल्या आहेत. एकीपेक्षा जास्त.

मग मी अर्जाच्या मागे लागले, आणि तिथे माझंच नेनकिन आडवं आलं. नेनकिन म्हणजे तिथलं पेन्शन. नवरा कंपनीत असेल तोवर बायकोला वेगळा हप्ता नसतो, पण तिची कमाई वर्षाला १३ लाख येनच्या वर गेली की तिचे हप्ते तिने भरायचे. माझ्या शिकवण्या त्या रेषेच्या वर गेल्या होत्या. पावत्यांचा गठ्ठा घरी येतो, दर महिन्याची एक फाडून कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, नेऊन भरायची, आणि मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. २०१९च्या दिवाळीला मी भावाच्या लग्नासाठी मुंबईत आले, डिसेंबरात परत गेले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन पावत्या फ्रिजवर चुंबकाखाली तशाच. गेल्या गेल्या भरल्या. माझ्या हिशोबी विषय संपला. पण पीआरचा अर्ज तपासताना मागच्या २ वर्षांचे हप्ते भरलेत की नाही एवढंच बघत नाहीत, वेळेवर भरलेत का तेही बघतात. गणिताच्या बाईला दोन पावत्यांनी २ वर्षं बसवून ठेवलं.

डिसेंबर २०२१ मध्ये अर्ज दिला. त्याला हमीदार लागतो. माझा हमीदार कोण, तर नवरा. नवऱ्याच्या आधाराशिवाय राहता यावं म्हणून नवऱ्याचीच सही! तो सही करताना हसत होता, मी नव्हते. अर्जाबरोबर एका पोस्टकार्डावर आपल्याच हाताने आपला पत्ता लिहून द्यायचा असतो, निकाल लागला की ते कार्ड घरी येतं. १३ महिन्यांनी, २०२३च्या जानेवारीत, माझ्याच अक्षरातलं पोस्टकार्ड पेटीत पडलं. शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात ८,००० येनची महसुली तिकिटं लावून कार्ड घेतलं (२०२५च्या एप्रिलपासून ती फी १०,००० झाली). या वेळी श्रीखंड मी एकटीने खाल्लं. नवऱ्याला गोड वर्ज्य सांगितलं होतं डॉक्टरांनी.

आज त्या कार्डाचा उपयोग काय, तर मी हे मुलुंडला बसून लिहितेय. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. मला येऊन सात महिने झाले. स्पाउस व्हिसा असता तर सात महिने नवऱ्यापासून वेगळी का राहिलीस याचं उत्तर पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जात लिहावं लागलं असतं, आणि मुदत मध्येच संपत आली असती तर आईला आयाबाईंवर सोडून पळावं लागलं असतं. आता राहण्याला मुदत नाही. प्लास्टिकचं कार्ड तेवढं ७ वर्षांनी बदलून घ्यायचं.

पीआर म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. विमानतळावर फॉर्मवर 'परत येणार' अशी नुसती खूण करून बाहेर पडलं तर १ वर्षाच्या आत परत जावंच लागतं, नाहीतर पीआर गेला. जास्त लागेल असं वाटलं म्हणून मी निघतानाच जास्तीत जास्त ५ वर्षांची मिळते ती री-एंट्रीची परवानगी काढली. मतदानाचा हक्क नाही. २०२०च्या कोविडमध्ये जपानने परदेशी लोकांना दार लावलं तेव्हा काही काळ पीआरवालेही बाहेर अडकले होते. २०२४ मध्ये कायदा बदलला, मुद्दाम कर किंवा नेनकिन बुडवणाऱ्याचा पीआर काढून घेता येईल अशी तरतूद आली. आणि सगळ्यात टोचणारं म्हणजे, पीआर आहे म्हणून आईला कायमचं तिकडे नेता येत नाही. भारतीय पासपोर्ट मात्र राहतो. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडचं नागरिकत्व घेतलं तर हा सोडावा लागतो. माझी तयारी नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "पासपोर्टचं राहू दे, मेथी निवड."

हे सगळं काकूंना थोडं थोडं करून सांगितलं. परवा रात्री त्यांच्या मुलीचाच फोन आला. मला वाटलं २८ तासांचं विचारेल. तर म्हणाली, "ताई, नेनकिनवाल्यांचं पत्र आलंय माझ्या नावाने. जपानी वाचता येत नाही आणि हा म्हणतो काही महत्त्वाचं नसेल, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलंय."

म्हटलं, आत्ता उठ, फोड आणि फोटो पाठव.

दोन मिनिटांत आला. तिचा नेनकिन नंबर होता.

"कुठल्या ड्रॉवरमध्ये होतं गं?"

"लग्नाच्या अल्बमखाली."

तिला वेगळी फाइल करायला सांगितली. वर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव घालून.