दहावं नाव हजेरीवर

शनिवार, रात्री साडेदहा

आज आमच्या केळी वेफर्सच्या युनिटात पगार झाले. महिन्याचा पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे, असा कायदा आहे. आमच्याकडे ती रीतही आहे. पैसे सगळ्यांच्या खात्यावर जातात, पण पगाराची चिठ्ठी मी प्रत्येकाला समोर बसवून वाचून दाखवते. हजेरी किती, जादा तास किती, उचल किती घेतली होती, त्यातली किती कापली, किती राहिली. अर्धी दुपार त्यात जाते. सोलणीवरच्या मावशींना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. शेवटच्या रकमेवर बोट ठेवून त्या ओठांतल्या ओठांत हिशेब जुळवतात. जुळला की मगच चिठ्ठीची घडी कमरेच्या पिशवीत जाते. त्यांचं बोट केळीच्या चिकाने काळं झालेलं असतं. खोबरेल तेल लावून सोललं, मिठाच्या पाण्यात हात धुतले, तरी तो काळेपणा सुट्टीच्या दिवशीसुद्धा निघत नाही.

सावदा-फैजपूरच्या या पट्ट्यात केळीला तोटा नाही. व्यापारी चांगला घड गाडीत भरतो आणि वापसीचा, म्हणजे त्याने नाकारलेला, माल आमच्यासारख्यांकडे येतो. कच्ची केळी सोलायची, खिसणीवरून थेट तेलात काप सोडायचे, मीठ-हळदीचं पाणी शिंपडायचं, झाऱ्याने काढायचं, निथळायचं, पाकिटं सील करायची. सांगायला सोपं आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा भट्टीपुढे उभं राहून बघावं. आम्ही उन्हाळ्यात तळणी पहाटे पाचला सुरू करतो आणि अकराला भट्टी बंद. तरी भट्टीवरच्या आबांचा शर्ट सात वाजताच पिळून काढावा असा होतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. बायका माहेरून परतल्या. दोन दिवस युनिट बंद होतं, ते दोन दिवस भरपगारी. आता आषाढी एकादशीपासून नवरात्रापर्यंत उपासाचा हंगाम, दुकानदारांचे फोन आत्ताच सुरू झालेत. आबा एकटे भट्टी ओढू शकणार नाहीत. त्यांच्या हाताखाली एक पोरगा हवाच. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एक जण आलाय, विशीतला, अंगाने काटक, बोलायला कमी. आठवडाभर त्याला आबांच्या बाजूला उभं केलं. तेल किती तापलं ते बुडबुड्यांवरून ओळखायला शिकतोय. मला तो आवडलाय.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे नऊ माणसं आहेत. हा दहावा.

दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो, पंधरा दिवसांत नोंदणी करावी लागते. म्हणून छोट्या धंद्यात सगळीकडे एकच सल्ला मिळतो: वहीवर नऊ, बाकीचे वहीबाहेर. आज दादा, म्हणजे माझे मोठे दीर, हेच सांगून गेले. ‘रोजावर ठेव गं, हातात पैसे दे, कोण विचारतंय?’ दादांचा स्वभाव वाईट नाही. या युनिटसाठी बँकेला जामीन तेच राहिलेत, त्यांचा शब्द मी खाली पडू देत नाही. पण हा सल्ला मला मान्य नाही आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं.

ते गेल्यावर वही काढून बसले. आमचा महिन्याचा पगारपट सव्वा लाखाच्या आसपास. मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे साधारण चार हजार. कामगाराचा पाऊण टक्का, म्हणजे बारा हजारांवर ९० रुपये. आम्ही महिन्याला पाच हजार किलोच्या घरात माल काढतो. म्हणजे माझ्या वाटचा बोजा किलोमागे ऐंशी पैसे. तेलाचा डबा एका आठवड्यात याच्यापेक्षा कितीतरी जास्त वर-खाली होतो, तेव्हा आम्ही काही धंदा बंद करत नाही.

आणि त्या चार हजारांत काय मिळतं? २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांनाही उपचार. ठरलेले हप्ते भरलेले असले, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. बाळंतपणाला, तेही हप्त्यांची अट पूर्ण झालेली असली तर, २६ आठवड्यांपर्यंत पगार. आणि कामावर इजा झाली, तर हप्त्यांची अट न बघता, बरं होईपर्यंत सुमारे ९० टक्के. हे शेवटचं मी दोनदा वाचलं, कारण माझ्या डोळ्यासमोर आबांचा हात होता.

आबांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी चकचकीत आहे, तिथे केस येत नाहीत, आणि हात पूर्ण सरळ होत नाही. इथे येण्याआधी ते दुसऱ्या जिल्ह्यात एका युनिटात होते. कढई उतरवताना तेल सांडलं. मालकाने पहिल्या पट्टीचे पैसे दिले, दुसऱ्या आठवड्यात ‘बरा झालास की ये’ म्हणाला, आणि बरे होऊन गेले तेव्हा भट्टीवर दुसराच उभा होता. आबांचं नाव तिथल्या कुठल्याच वहीत नव्हतं. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? दोन बकऱ्या आणि बायकोची पोत त्या हातावर गेली. हे आबा तक्रार म्हणून सांगत नाहीत. पोराला झारा कसा धरायचा ते दाखवताना सांगतात. मी मात्र ते ऐकून स्वस्थ बसू शकत नाही. ज्या भट्टीवर माझं घर चालतं, तिच्यापुढे उभा राहणारा माणूस वहीबाहेर ठेवायचा हे मला जमणार नाही.

उचलीचं प्रकरण वेगळंच. पोराचे वडील काल आले होते. मुलगा कामावर लावायचा तर आधी वीस हजार द्या म्हणाले. यात त्यांची लबाडी नाही, आपल्याकडे चालत आलेलंच हे आहे. माझ्या वडिलांच्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, होता. त्याचं साल आखाजीला संपायचं, त्याच दिवशी नवं ठरायचं, आणि रकमेतला मोठा भाग आधीच लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेला असायचा. मग पुढचं साल त्याच घरी, कारण उचल फिटलेली नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. घेतलेल्या पैशांपायी माणसाला काम सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारीच असते, मग देणारा कितीही प्रेमाने वागो. मालक म्हणून हे मनात पक्कं ठेवावं लागतं, कारण उचल देताना आपल्याला आपण दाते वाटायला लागतो.

म्हणून आमच्याकडे उचल एका महिन्याच्या पगारापुरती. कापायची तर महिन्याला चौथ्या हिश्श्यापर्यंत, त्याच्या वर नाही. कायदा सगळी कपात मिळून निम्म्यापर्यंत चालवून घेतो, पण निम्मा पगार कापलेल्या घरात महिनाअखेरीला काय शिजतं ते मला मावशींनी सांगितलंय. आणि उचल बाकी असली तरी सोडून जायला मोकळीक. मागे पॅकिंगवरची एक मुलगी लग्न होऊन धुळ्याकडे गेली, तिची उचल राहिली होती. तिने दोन हप्त्यांत ऑनलाइन पाठवली, एकही फोन न करता. सगळेच पाठवतील असं नाही. न पाठवणाऱ्याचे पैसे धंद्याच्या खर्चात धरायचे, जसं करपलेलं केळ आपण धरतो.

पोराच्या वडिलांना मी दहा हजार देते म्हणाले, खात्यावर, चिठ्ठी करून, मुलाच्या सहीने. ‘त्याच्या सहीने? पैसे तर मले पाह्यजे,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘काका, फेडणार तो आहे, मग सही त्याचीच. त्याने तुम्हाला द्यावेत.’ थोडा वेळ बसले, चहा घेतला, मग हो म्हणाले. पोरगा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याच्या नावावर बँकेत खातं आहे हेसुद्धा त्याला शिष्यवृत्तीच्या वेळचं म्हणून माहीत होतं, पासबुक कुठे आहे ते माहीत नव्हतं. ते आधी शोधायला सांगितलंय.

संध्याकाळी हजेरीच्या वहीत त्याचं नाव घातलं, एक तारखेपासून नाही, तो पहिल्यांदा आला त्या दिवसापासून. शिकत होता तेही कामच होतं. ते दिवस पुढच्या पगारात धरायचे.

सोमवारी त्याचं आधार आणि बाकीच्या नऊ जणांचे कागद नोंदणीला द्यायचे आहेत. मावशींच्या आधारवर जन्मसाल चुकलंय, ते आधी दुरुस्त करून घ्यावं लागेल, त्यात एक दिवस जाईल, तो त्यांना भरपगारी. भट्टीच्या मागच्या भिंतीत दुसरा एक्झॉस्ट पंखा आषाढीच्या आत बसवायचा. आणि कढई दोघांनीच उतरवायची, एकट्याने हात लावायचा नाही, हे आजपासून सगळ्यांना सांगितलंय.

दादांना अजून पटलेलं नाही. उद्या जेवायला येणार आहेत. ऐंशी पैशांचा हिशेब मी कागदावर स्वच्छ लिहून ठेवलाय, जेवण झालं की त्यांच्यापुढे ठेवणार आहे. त्यात चूक निघाली तर दाखवतील, ते आकड्यांना पक्के आहेत. पण नाव आता वहीतून निघणार नाही.