विहिरीतला गडी समुद्रात
आज मालवणला तासभर समुद्रात पोहलो. आम्ही लातूरचे, 2016 ला आमच्या गावाला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं! पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. तिथं चार हात मारले की कड लागते. इथं कडच नाही. कमरेला नारिंगी फुगा, सोबत शिकवणारे दादा. "सात-आठ हातांनी एकदा डोकं वर काढून किनाऱ्यावरचा तो माड बघत जा." मी विसरलो. बघतो तर माड भलतीकडंच, अन् दादा शिट्टी वाजवायलेत. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, हे मात्र खरं. पण लाटेच्या बाजूला तोंड करून श्वास घेतला अन् घोटभर समुद्र पोटात. घसा अजून जळायलाय. आईला फोन केला तर म्हणे, "जेवलास का?"