बार्शी लाइटच्या मार्गाने लातूर ते कुर्डुवाडी

मराठवाड्यातील बहुतेक जुन्या रुळांमागे निजाम सरकार असले, तरी लातूरला आगगाडी आणली ती लंडनमध्ये नोंदवलेल्या बार्शी लाइट रेल्वे या कंपनीने. तिचा मार्ग पाहावा म्हणून मी लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी दिवसाची गाडी धरली. हरंगुळ, मुरूड, ढोकी ही स्थानके भराभर मागे पडली.

येडशीला गाडी वळली तेव्हा समोरच्या बाकावरचे धोतर-टोपीतले आजोबा म्हणाले, "छोटी गाडी इथून सरळ रामलिंगच्या डोंगरात शिरायची. चढाला पोरं खाली उतरायची अन् पुन्हा चढायची." ही गोष्ट प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात; पण आजोबा ज्या बाजूला बोट दाखवत होते, तिकडचे रान पाहून ती खोटी म्हणवेना. जुन्या मार्गाने धाराशिवला बाजूला टाकले होते. 2007 व 2008 मध्ये लातूर–कुर्डुवाडी मार्ग छोट्या गाडीच्या अरुंद रुळांऐवजी ब्रॉडगेज झाला, तेव्हा रूळ वळसा घेऊन धाराशिववरून नेले. वेळ वाढला खरा, पण जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळाले. हा सौदा मला रास्त वाटतो.

या मार्गाचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. बार्शीच्या बाजारपेठेतला माल मुख्य लोहमार्गावरच्या बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, बैलगाड्यांनी जाई. कॅलथ्रॉपने दोन रुळांत अडीच फुटांचेच अंतर ठेवले आणि इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही असे ठरवले. त्यामुळे दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ पुरले. 1897 मध्ये बार्शीपर्यंत, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला गाडी पोहोचली. 1954 मध्ये सरकारने हा मार्ग ताब्यात घेतला.

बार्शी गेल्यावर गप्पा 2016 च्या दुष्काळावर आल्या. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी करत याच वाटेने लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. तेलाच्या त्या वाघिणी राजस्थानातील कोट्याला धुऊन घेतल्या होत्या. अडीच फुटी रुळांवर त्या उभ्याही राहिल्या नसत्या. मिरजेपासून लातूरपर्यंत सगळे पाणी छोट्या वाघिणींतूनच आणावे लागले असते.