कडुनिंबाच्या ढोलीतली दोघं

शहरातलं झाड धोक्याचं आहे की नाही, हे तपासणं माझं काम. एप्रिलात, नागपूरचं ऊन चव्वेचाळीसवर असताना, धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्यातला कडुनिंब पाहायला गेलो. "दादा, वादळात गाड्यांवर आला तर? कापूनच टाका," काकू म्हणाल्या. भीती रास्त होती. पंधराएक फुटांवर, फांदी कापल्याच्या जुन्या जखमेखाली, खुराच्या आकाराची कथ्थई, लाकडासारखी कडक बुरशी उगवली होती. फेलिनस या लाकूड कुजवणाऱ्या बुरशींच्या गटातली. हातोड्यानं ठोकत गेलो. खाली खणखणीत, वर बद्द, म्हणजे आत पोकळ.

शिडी लावणार, तोच सोबतचा मजूर म्हणाला, "भाऊ, खाली पाहा नं." बुंध्याशी उंबर-पिंपळाच्या बिया भरलेली विष्ठा सांडलेली. वर ढोलीचं तोंड लिंपलेलं, मध्ये बोटभर फट. फटीत चोचीचं टोक.

राखी धनेशाची मादी, स्वतःला आत लिंपून घेतलेली! थोड्या वेळात नर आला. मान हलवून त्यानं घशातून एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं, फटीत दिलं. मग दुसरं, तिसरं. मी सात मोजली.

धनेशाला सुतार पक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. ही खोली त्या बुरशीनंच केली, वर्षानुवर्षं लाकूड विरघळवून शोषत. मला नेहमी नवल वाटतं, ती कडुनिंबापेक्षा धनेशाची जवळची नातलग. स्वतःचं अन्न बनवत नाही, आणि तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. नर फटीतून जे किडे भरवतो, त्यांच्या कवचातही तोच. बुरशीचं बाहेर दिसतं ते फक्त फळ, बाकी सगळी खोडात. मादीचंही तसंच: दिसते ती चोच, आणि ती आत पिसं गाळून अंड्यांवर बसलेली. फरक एवढाच की पिल्लं मोठी झाली की ती उडून जाईल. बुरशी जाणार नाही.

शिडी लावलीच नाही. आधीच्या ठोक्यांच्या आवाजावरून, खालूनच अंदाज घेतला. शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांशाखाली गेली की आम्ही धोका मानतो; इथं ती बरीच जास्त वाटली. काकूंना नर दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग आत जाऊन स्कूटरची किल्ली घेऊन आल्या.

झाडाखाली दोरी बांधली. अहवालात बुरशी 'दोष' या रकान्यात आणि पक्षी 'शेरा' या रकान्यात लिहायची पद्धत आहे. मी दोघांना एकाच ओळीत लिहिलं, आणि खाली: पिल्लं उडेपर्यंत आरी नको, फेरतपासणी जूनअखेर.