तिसरी पिन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीला फेब्रुवारीपासून तीनदा गेलो. तिन्ही वेळा तक्रार एकच, लेबल छापायचा प्रिंटर कॉम्प्युटरला दिसत नाही. पहिल्यांदा एक यूएसबी पोर्ट गेला होता, शेजारच्या पोर्टला केबल लावून दिली. मार्चमध्ये सगळेच पोर्ट गेले, तेव्हा सीपीयू दुकानात आणून मदरबोर्ड बदलला. चार दिवस गेले त्यात. आणि १८ एप्रिलला नवा बोर्डही तसाच. जीएसटी रिटर्नची २० तारीख तोंडावर, बाहेर ऊन चाळिशीच्या वर, आणि मालक फोनवर म्हणतात, "सर, तुमचा मालच डुप्लिकेट दिसतोय."

माल चांगला होता. हे वाक्य मला फार लागलं.

यंत्रमागाच्या शेडला लागून असलेला कॉम्प्युटर वेगळाच असतो. सुताचं बारीक तूस हवेत सतत तरंगत असतं. ते पंख्याने आत ओढलं जातं आणि हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, त्याचा नमदा तयार होतो, बोटाने सोलून काढता येईल इतका घट्ट. काठाला लाल सूत चाललेलं असेल तर नमदा गुलाबी निघतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, मोकळं गरगरू द्यायचं नाही, नाहीतर बेअरिंग जातं. दर दोन महिन्यांनी एवढं केलं तर या शेडमध्येही कॉम्प्युटर सात-आठ वर्षं चालतो. हे काम मी मनापासून करतो आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच तिन्ही वेळा मी आधी तूसच शोधत बसलो.

हिशेब बघणाऱ्या अक्का मात्र पहिल्या दिवसापासून दुसरंच सांगत होत्या. "सर, प्रिंटरची केबल काढली की सीपीयूला हात लावल्यावर मुंग्या येतात. केबल लावली की जातात." मी म्हणालो होतो, "अक्का, पत्र्याचा डबा आहे, थोडं होतंच. चप्पल घालून बसा."

असं म्हणायला माझ्याकडे कारण होतं. एसएमपीएसच्या, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या विजेच्या दोन तारांपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मीटर ११०-११५ व्होल्ट दाखवतो. करंट मात्र मिलिअँपिअरच्या आतला, नुसत्या झिणझिण्या. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ते माहीत असल्यामुळेच मी अक्कांचं अर्धंच वाक्य ऐकलं. केबल लावल्यावर मुंग्या जातात कशा, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

तो १८ तारखेला पडला, कारण केबल काढताना माझाच हात झटकला गेला.

भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावला. फेज-न्यूट्रल २२८. न्यूट्रल-अर्थ ९६. तिथे दोन-तीन व्होल्टच्या वर काही नसावं. सीपीयूचा प्लग काढून रिकाम्या सॉकेटवर पुन्हा बघितलं, ९६च. म्हणजे हे व्होल्टेज कॉम्प्युटरमधून येतच नव्हतं, भिंतीतून कॉम्प्युटरमध्ये जात होतं. डिजिटल मीटर कधीकधी भुताचं, म्हणजे मागे करंटचा जोर नसलेलं व्होल्टेज दाखवतो, म्हणून न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये १५ वॉटचा झिरो बल्ब लावला. तार लालसर पेटली. बल्ब लाल व्हायलासुद्धा दहा-वीस मिलिअँपिअर तरी लागतात, आणि माणसाच्या सुरक्षेसाठी जो ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवतात, तो ३० मिलिअँपिअरला पडतो.

मी मालकांना बोलावून बल्ब दाखवला. "माग बंद करा. सगळे."

"ऑर्डर आहे हो. तुम्ही प्रिंटरचं बघा की."

"प्रिंटरचंच बघतोय."

एकेक माग बंद करायला लावला, मी मीटरकडे बघत बसलो. सातवा बंद झाला आणि ९६चे ४ झाले. मेन स्विच पाडून वायरमनने त्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. आत तेलाने भिजलेलं तूस ठासून भरलेलं, आणि एका वायरचं इन्शुलेशन बॉक्सच्या कडेला घासून उघडं पडलेलं. त्यातून गळणारा करंट अर्थच्या पट्टीवर यायचा. पट्टीने तो जमिनीत न्यायचा, तर अर्थिंगच्या खड्ड्यावर सुताच्या कोनांची पोती रचलेली. पोती हलवली, झाकण काढलं. मीठ-कोळसा कोरडा ठणठणीत, जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीचा जोड मिठाने खाऊन तुटलेला. खड्ड्यात पाणी कुणी शेवटचं कधी ओतलं, हे कुणालाच सांगता येईना.

पॅनेलमध्ये ईएलसीबी होता. सारखा पडतो म्हणून मागच्या दिवाळीत वायरमननेच बायपास केला होता. तो पडत होता याचा अर्थ काय, हे त्याने विचारलं नाही. मला त्याचा राग आला, अजून आहे. पण मीही दोनदा त्याच सॉकेटसमोर गुडघ्यावर बसून मीटर न लावता उठलो होतो. वायरमन म्हणतो, सॉकेटपर्यंत माझं काम. आम्ही म्हणतो, सॉकेटपासून पुढे आमचं. मालकांना वाटतं, यूपीएस घेतलाय ना. यूपीएस अर्थला हात लावत नाही, आलेली तार तशीच पुढे देतो. प्लगची तिसरी पिन, अर्थची, कुणाचीच नाही.

पोर्ट का जळत होते तेही मग कळलं. लेबल प्रिंटर पॅकिंगच्या नव्या शेडमध्ये, तिथे वेगळा खड्डा, चांगलं अर्थिंग. यूएसबीच्या केबलमधली ग्राउंडची तार आणि वरची जाळी दोन्ही डब्यांच्या बॉडी जोडते. म्हणजे जुन्या शेडमधली सगळी गळती पेन्सिलीहून बारीक केबलमधून पलीकडच्या खड्ड्यात जात होती. अक्कांच्या मुंग्या केबल लावल्यावर जायच्या त्या यामुळे. आणि पोर्ट सोसेल तेवढं सोसून जळायचा.

संध्याकाळी नवा जोड झाला, खड्ड्यात पाणी सोडलं, ईएलसीबी बसला, मोटर उतरवली. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. वीस तारखेचं रिटर्न अक्कांनी माझ्या लॅपटॉपवर भरलं. मार्चच्या बोर्डाचे पैसे मी परत देऊ केले, मालकांनी घेतले नाहीत, डुप्लिकेटचा शब्दही मागे घेतला. बोलणं तिथे संपायला हरकत नव्हती.

घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला मला मार्चचे ते चार दिवस आठवले. सीपीयू माझ्या टेबलावर होता, म्हणजे केबल निघालेली होती. त्या शेडला जमिनीशी जोडणारी शेवटची तार मी काढून दुकानात घेऊन आलो होतो, आणि चार दिवस दोन्ही पाळ्यांत माग चालू होते.

दुसऱ्या आठवड्यात बोर्ड बसवायला गेलो तेव्हा सात नंबरपाशी थांबलो. विणकर लाकडी पाटावर उभा होता. बाकी कुणाच्या पायाखाली पाट नव्हता. कधीपासून ठेवलाय म्हणून विचारलं.

"मार्चपासून. मधी तीन-चार दिवस लई मुंग्या येत होत्या," तो म्हणाला, आणि तुटलेला धागा जोडायला वाकला.