मेगरचा काटा

डीसी विजेवर धावणाऱ्या जुन्या लोकलचा एक मोटर डबा, म्हणजे खाली मोटरी असलेला डबा, पुण्यात एका आवारात, झाडाखाली उभा आहे. आम्ही सहा-सात जण दर रविवारी तिथे हात काळे करायला जातो. पैसे मिळत नाहीत, चहाही आपापला. मी भोसरीतला वाइंडिंगवाला, मोटरींत तारांची वेटोळी भरणारा, त्यामुळे मोटरी आपसूक माझ्या गळ्यात पडल्या.

पावसाळा सरल्यावर पहिल्या मोटरला मेगर लावला, म्हणजे तारांवरचं इन्सुलेशन किती धड आहे ते मोजायचं यंत्र. काटा शून्याला चिकटलेला. म्हटलं, गेली ही, कॉइल काढा. आमच्यात कारशेडमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, "अरे, जळलीय की नुसती भिजलीय, ते आधी बघ."

झाकण काढलं तर ब्रशची (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे ठोकळे) कार्बन धूळ ओलीने लगदा होऊन बसलेली. मी शहाणपणा करून ब्लोअर मारला. धूळ बाहेर यायच्याऐवजी कॉइलच्या फटींत आणखी आत गेली. ती काढण्यात दोन रविवार गेले, व्हॅक्यूम आणि रंगाचा ब्रश घेऊन. कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या भागाच्या, तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) खरवडायला जुन्या बाजारातून हॅक्सॉची पाती आणली, तुकडे केले, एका टोकाला चिंधी गुंडाळली. याहून चांगलं हत्यार मला अजून मिळालेलं नाही. ब्रश बसवायला काचपेपरच वापरला. एमरी पेपरचे कण तांब्यात रुतून बसतात.

एवढं करून काटा ०.८ मेगओहमवर आला. जुना हिशेब असा, की दर हजार व्होल्टला एक मेगओहम आणि वर एक. १५०० व्होल्टच्या गाडीला म्हणजे अडीच हवेत.

मग दिवाळीच्या सुट्टीत मोटरीवर ताडपत्री टाकली आणि आत हॅलोजन लावले. तपकीर गल्लीतून आणलेले, चार. आगीची भीती, म्हणून आळीपाळीने रात्रपाळी. दर तासाला वहीत आकडा. दोन तासांनी ०.८ चे ०.३ झाले! माझा हात स्विचकडे गेला. काकांनी तो धरला. गरम झालं की इन्सुलेशनचा आकडा आधी पडतोच, ओल सुटायला लागलेली असते. ती निघून गेली की चढतो. वाइंडिंगमध्ये उभं आयुष्य काढलं, पण मी जळलेलं काढून नवं भरणारा. जुनं वाळवायचा धीर मला कधी लागलाच नव्हता. दुसऱ्या रात्री दोन, तिसऱ्या सकाळी थंड झाल्यावर सहा.

आता फिरवून बघायची होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि १९२९ साली तीच वीज पुण्यापर्यंत आली. आज पुण्यात डोक्यावर २५,००० व्होल्टचा एसी. चालत्या गाडीत या मोटरीला ७५० मिळायचे, आम्ही दिले २४: ट्रकच्या दोन बॅटऱ्या. ही सिरीज जातीची मोटर, बिनभाराची जास्त व्होल्टवर सोडली तर वेग आवरत नाही, म्हणून कमीच बरे. चाक जॅकवर उचललं, खाली लाकडी ठोकळे लावले.

वायर टेकवली. ठिणगी. काही नाही. काकांनी चाकाला हाताने जरा रेटा दिला, आणि ते कुरकुरत निघालं. एक फेरा, दुसरा. तिसऱ्याला गिअरकेसमधलं जुनं तेल माझ्या चपलेवर सांडलं.

"तीन राहिल्या," काका म्हणाले आणि वही मागितली.